फॉरवर्ड करा, पण पत्त्यासकट

आज सकाळी भावकीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. हिरवट पाणी, त्यातून जाणारा मासा, मागे बासरी आणि वर जाड अक्षरांत : 'जपानमध्ये माशासाठीही दार उघडतात. आणि आपण?' खाली हात जोडलेल्यांची रांग.

जपान नाही हो. नेदरलँड्स. उट्रेख्ट शहर. तिथल्या कालव्यावर बोटींसाठी जुना दरवाजा आहे. वसंतात मासे अंडी घालायला वरच्या अंगाला निघतात, पण त्या दिवसांत बोटींची ये-जा फारशी नसते, म्हणून दार बंदच. मासे दाराशी ताटकळतात आणि पक्ष्यांचं फावतं. म्हणून 2021 पासून दर वसंतात पाण्याखाली कॅमेरा लावतात. जगात कुठूनही साइट उघडायची, मासा दिसला की बेल दाबायची. बरेच मासे जमलेत असं कळलं की तिथला माणूस दार उघडतो. 'फिश डोअरबेल' म्हणून शोधा, मिळेल.

ही लिंक मी याच ग्रुपवर मागच्या वर्षी टाकली होती. कुणी ढुंकून पाहिलं नाही. पाहिलं फक्त बाबांनी.

बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. कालवे, दारं, पाणीपाळ्या. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाशी धरून ते तासन् तास ते हिरवं पाणी बघत बसायचे. आई वैतागायची. एकदा खरंच मासा आला, त्यांनी बेल दाबली आणि स्वयंपाकघरात ओरडून सांगितलं, "अगं, वाजवली! आता तिकडचा गेटवाला बघेल."

तर आज त्या व्हिडिओखाली बाबांनी लिहिलं, 'सदर ठिकाण जपान नसून नेदरलँड्स आहे. मी स्वतः बेल वाजवलेली आहे.' अगदी खात्याच्या पत्रासारखं. त्यावर कुणीही काहीही बोललं नाही. थोड्या वेळाने एकाने कमळाचं 'शुभ सकाळ' टाकलं.

डोकं फिरलं माझं.

इतकी गंमतीची गोष्ट, आणि तुम्ही तिच्यातली बेल काढून घेतली आणि प्रवचन ठेवलंत! ज्याने कोणी तो व्हिडिओ कापला, त्याने नेमकी मजाच कापली. अशीच आणखी एक गंमत : मेलबर्नच्या महापालिकेने शहरातल्या झाडांना ईमेल पत्ते दिले होते. हेतू साधा, फांदी मोडली तर लोकांनी कळवावं. लोकांनी झाडांना प्रेमपत्रं लिहिली, आणि काही झाडांनी उत्तरंही दिली! किंवा केंब्रिज विद्यापीठातला तो कॉफीचा जग. चार जिने चढून जावं आणि जग रिकामा, याला वैतागून संगणकवाल्यांनी 1991 मध्ये त्याच्यावर कॅमेरा लावला. 1993 मध्ये तो इंटरनेटवर आला आणि जगभरचे लोक एका जगाकडे बघत बसले. 2001 मध्ये कॅमेरा बंद झाला, आणि तो जग जर्मनीच्या 'श्पीगेल' साप्ताहिकाच्या साइटने लिलावात विकत घेतला. आपल्या ग्रुपवर हे कसं येईल सांगू? 'विदेशी शास्त्रज्ञांनी कॉफीत काय पाहिलं? वाचून थक्क व्हाल.'

आणि 'छोटीशी चूक, सोडून दे' म्हणणाऱ्यांनो, नाही सोडणार. 1 जुलै 2018 ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्यात, पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. कारण काय, तर मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फोनवरून फिरत होत्या. कुणी लिहिलं, कुठलं आहे, कुणाला विचारावंसं वाटलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पाचसुद्धा पुष्कळ झाले.

बरं, माशांवरून थेट तिथे जायला नको होतं म्हणाल. मान्य. बासरीवाल्या व्हिडिओने कुणी मरत नाही.

आणि हेही मान्य, की पाठवणारी आत्या आहे. तिला काहीतरी छान दिसलं आणि ते आपल्या माणसांना दाखवावंसं वाटलं, एवढंच. मी लिंक टाकते तेव्हा दुसरं काय करते? तिला मोतीबिंदू आहे, तिने कुठे जाऊन पडताळायचं? तिच्यावर राग नाहीच. राग आहे तो तिच्या त्या इंजिनिअर पोरावर, ज्याने बाबांचा मेसेज वाचला आणि तरी आईला एका शब्दाने सांगितलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस आयुष्यभर दारांवर काम करून सांगतोय की बाबांनो, हे दार मी पाहिलंय, तर निदान 'हो का मामा?' एवढं तरी विचाराल की नाही?

असो. रागात बरंच लिहिलं. आता एक करा. तुम्हाला अलीकडे सापडलेली एखादी बिनकामाची, गंमतीची गोष्ट खाली टाका. मूळ लिंकसकट, आणि का आवडली ते एका ओळीत. माझ्याकडून ही घ्या : शिकागो विद्यापीठाच्या साइटवर मोल्सवर्थचा 1857 चा अख्खा मराठी-इंग्रजी कोश फुकट आहे. एक शब्द बघायला जाल आणि जेवायचं विसराल. बाबांना सकाळीच पाठवलाय, ते 'पाट'पाशी अडकलेत.

नुसत्या 'शुभ सकाळ'वाल्यांच्या कमेंट उडवल्या जातील. सासूबाई सोडून.