‘कर्ज एबिटडाच्या १ पटीत, डोळे झाकून घ्या’ हा नियम तेल कंपन्यांना लावू नका

गेले काही दिवस एक मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या भाच्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, मामा, घेऊ का? म्हणून हे सविस्तर लिहितोय, कारण त्याच्यासारखेच अजून बरेच जण तो वाचून साठवलेले पैसे लावायच्या तयारीत असणार.

मेसेज थोडक्यात असा. तेल-गॅस कंपनीचं कर्ज तिच्या वर्षाच्या एबिटडापेक्षा कमी असेल तर ती एका वर्षात सगळं कर्ज फेडू शकते, म्हणजे कर्जमुक्तच समजा. १ पटीच्या आत असेल तर शेअर डोळे झाकून घ्या, ३ च्या वर असेल तर हातही लावू नका. जमिनीखाली तेल आहे तोवर बँका मागे लागत नाहीत. आणि मोठी कंपनी बुडत नाही.

एबिटडा म्हणजे व्याज, टॅक्स आणि घसारा वजा करायच्या आधीची कमाई. कर्जाला त्याने भागायचं आणि किती पट ते बघायचं, ही पद्धत चुकीची नाही, बँका आणि रेटिंगवालेही तेच बघतात. पण मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक निष्कर्ष तेलाच्या बाबतीत उलटा पडतो.

आधी ‘१ च्या आत म्हणजे सेफ’ हे घेऊ, कारण खरं नुकसान इथेच होतं.

समजा एक कंपनी रोज १ लाख बॅरल तेल काढते, म्हणजे वर्षाला ३.६५ कोटी बॅरल. भाव ९० डॉलर. काढायचा, वाहतुकीचा आणि रॉयल्टीचा मिळून बॅरलमागे खर्च ३५ डॉलर. उरले ५५, गुणिले ३.६५ कोटी, म्हणजे साधारण २०० कोटी डॉलर एबिटडा. कर्ज १८० कोटी. ०.९ पट. मेसेजप्रमाणे एकदम पास.

आता भाव ५० वर आणा. रॉयल्टी भावाबरोबर थोडी उतरते म्हणून खर्च ३० धरू, उरले २०, एबिटडा ७३ कोटी. कर्ज तेवढंच १८०, पण आता ते अडीच पट झालं. भाव ४० आणि खर्च २८ धरला तर एबिटडा ४४ कोटीच्या आसपास आणि कर्ज ४ पटीच्या वर. यात कंपनीने एक पैशाचं नवीन कर्ज काढलेलं नाही, विहिरी त्याच, माणसं तीच, उत्पादनही तेवढंच. फक्त भाव हलला आणि ०.९ चे ४ झाले. कारण खर्च भावाइतका खाली येत नाही, त्यामुळे भाव ४४ टक्के पडला की कमाई ६० टक्क्यांहून जास्त पडते.

आणि हे काही पुस्तकी भाव नाहीत हो. ब्रेंट, म्हणजे जगभर आधार धरला जाणारा कच्च्या तेलाचा भाव, जून २०१४ मध्ये ११५ डॉलरच्या आसपास होता आणि जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. दीड वर्षात. मी स्वतः २०१४ मध्ये एका कंपनीचं गुणोत्तर दीडच्या आत बघून शेअर घेतले होते आणि निर्धास्त होतो, दोन वर्षांनी तीच कंपनी जवळपास तेवढ्याच कर्जावर ५ पटीच्या वर गेली, मग तिने पडेल भावात नवीन शेअर काढून पैसा उभा केला आणि जुन्या शेअरधारकांचा हिस्सा पातळ झाला. तेव्हा मी कंपनी नीट वाचलीच नव्हती, त्या वर्षीचा तेलाचा भाव वाचला होता.

म्हणून सांगतो, हे गुणोत्तर सगळ्यात सुंदर दिसतं ते भाव शिखरावर असताना, आणि असले मेसेजही नेमके तेव्हाच फिरतात. गेल्या वर्षीचा एबिटडा घेऊन भागू नका. तुम्हाला वाईट वर्ष कुठलं वाटतं तो भाव घ्या, ५० म्हणा, ४५ म्हणा, आणि त्या भावाला कमाई किती होईल ते काढून मग भागा. हे वाटतं तेवढं अवघड नाही, बऱ्याच मोठ्या कंपन्या स्वतःच सांगतात की भाव बॅरलमागे १ डॉलरने हलला तर वर्षाच्या कमाईत किती फरक पडतो. फक्त हेजिंग बघून घ्या. कंपनीने पुढचं उत्पादन आधीच ठरलेल्या भावात विकून ठेवलं असेल तर पडत्या बाजारातही या वर्षीची कमाई चांगली दिसते आणि ते सौदे संपले की पुढच्या वर्षी खरा आकडा समोर येतो.

मग ‘एका वर्षात सगळं कर्ज फेडू शकते’. ही तर सरळ चूक आहे, एबिटडा म्हणजे खिशात पडलेला पैसा नव्हे. कारखाना एकदा उभा केला की मशिन काही वर्षं तेवढाच माल देत राहतं, तेलाच्या विहिरीचं तसं नसतं, विहीर पहिल्या दिवसापासून आटत जाते. जुन्या पारंपरिक क्षेत्रात दरवर्षी काही टक्के, आणि शेल खडक फोडून तेल काढणाऱ्या विहिरीत तर पहिल्याच वर्षात उत्पादन निम्म्याच्याही खाली येतं. म्हणजे उत्पादन नुसतं जागेवर ठेवायचं तरी दरवर्षी नवीन विहिरी खोदायला लागतात. हा खर्च कॅपेक्समध्ये, म्हणजे भांडवली खर्चात, जातो आणि एबिटडात दिसतच नाही.

वरचीच कंपनी घ्या. उत्पादन टिकवायला बॅरलमागे २० डॉलर लागतात असं धरलं तर ७३ कोटी गेले. १८० कोटी कर्जावर ७ टक्क्यांनी व्याज जवळजवळ १३ कोटी. ९० च्या भावाला टॅक्स समजा ३० कोटी. २०० मधून हे सगळं काढलं की उरतात ८४ कोटी, म्हणजे एक रुपयाही डिव्हिडंड दिला नाही तरी कर्ज फिटायला दोन वर्षांहून जास्त, आणि तेही एवढा चांगला भाव टिकला तर. ५० च्या भावाला काय होतं बघा, ७३ कोटी कमाई, ७३ कोटी विहिरींना, संपलं. व्याजाचे १३ कोटी द्यायला नवीन कर्ज काढायचं! खोदणं थांबवलं तर या वर्षी पैसा वाचेल पण पुढच्या वर्षी बॅरलच कमी निघतील आणि कर्जाला भागणारा आकडा अजून लहान होईल. हा फास मी बऱ्याच लहान कंपन्यांच्या गळ्याला लागलेला बघितलाय.

एबिटडा एकसारखा मोजला जातो असंही समजू नका. कोरडी विहीर निघाली, म्हणजे खोदलं आणि काहीच लागलं नाही, तर काही कंपन्या तो खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा करतात आणि काही तो मालमत्तेत धरून हळूहळू घसाऱ्यात टाकतात. दोन्ही पद्धती मान्य आहेत. पण घसारा एबिटडाच्या बाहेर असतो, त्यामुळे तीच कोरडी विहीर एका कंपनीची कमाई खाते आणि दुसरीची खात नाही. म्हणून या धंद्यात एबिटडॅक्स नावाचा आकडा वापरतात, त्यात शोधाचा खर्चही कमाईत परत जोडतात. तुलना करायला तो बरा, पण मग शोधावर गेलेला पैसा दोघींच्याही आकड्यातून गायब होतो हे लक्षात ठेवा.

आता वरचा आकडा, कर्ज. मेसेजमध्ये ‘कर्ज’ एवढंच लिहिलंय, पण कुठलं? ऑक्सिडेंटल या अमेरिकन तेल कंपनीने २०१९ मध्ये अ‍ॅनाडार्को ही दुसरी तेल कंपनी साधारण ३,८०० कोटी डॉलरला घेतली, त्यासाठी बर्कशायर हॅथवे या गुंतवणूक कंपनीकडून १,००० कोटी डॉलर घेतले ते प्रेफरन्स शेअरच्या (ठरलेला डिव्हिडंड साध्या शेअरच्या आधी मिळणाऱ्या शेअरच्या) रूपात, ८ टक्क्यांनी. वर्षाला ८० कोटी डॉलरचा बोजा, पण कर्जाच्या ओळीत तो बसत नाही. मार्च २०२० मध्ये भाव कोसळल्यावर कंपनीला साध्या शेअरवरचा तिमाही डिव्हिडंड ७९ सेंटवरून ११ सेंटवर आणावा लागला. बीपी या ब्रिटिश तेल कंपनीने जून २०२० मध्ये जवळपास १,२०० कोटी डॉलरचे हायब्रिड बाँड (कर्ज आणि शेअर यांच्या मधले रोखे) काढले, ते हिशोबात भांडवल म्हणून धरले जातात, व्याजासारखे पैसे मात्र जातातच.

भाडेकरारही असेच. १ जानेवारी २०१९ पासून आयएफआरएस १६ हा युरोपात वापरला जाणारा आंतरराष्ट्रीय हिशोबाचा नियम लागू झाला आणि रिग, जहाजं, तरंगते प्लॅटफॉर्म यांचं भाडं कर्जासारखं दाखवायला लागलं, त्याच वेळी ते भाडं घसारा आणि व्याजात गेल्यामुळे एबिटडाही फुगला. अमेरिकन नियमांत बरंचसं भाडं अजून खर्चातच राहतं. मग अटलांटिकच्या अलीकडची आणि पलीकडची कंपनी शेजारी ठेवून दोघींना एकच १ ची रेघ मारायची कशी? आणि सगळ्यात विसरली जाणारी देणी म्हणजे विहिरी बंद करायचा, समुद्रातले प्लॅटफॉर्म उखडायचा खर्च. ताळेबंदात ती वेगळ्या ओळीत असतात. जुनी होत चाललेली क्षेत्रं असलेल्या कंपनीत ती मी तरी कर्जातच मिळवून बघतो.

‘जमिनीखाली तेल आहे तोवर बँका मागे लागत नाहीत’ हे वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण घडतं ते नेमकं उलटं. अमेरिकेत मध्यम आणि लहान कंपन्यांना बँका साठ्यांच्या तारणावर जी मर्यादा देतात ती साधारणपणे वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, नव्याने ठरते. बँक स्वतःचा भाव धरते, तो बहुतेक वेळा बाजारापेक्षा खालचा असतो. भाव पडला की मर्यादा कापली जाते, आणि आधीच जास्त उचललं असेल तर वरचे पैसे काही महिन्यांत परत. म्हणजे सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच दार बंद.

साठा म्हणजे तरी काय? अमेरिकेच्या नियमांत प्रमाणित साठा, म्हणजे खात्रीने काढता येईल असं धरलेलं तेल, मोजायला गेल्या १२ महिन्यांतल्या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेच्या भावाची सरासरी धरतात, त्या भावाला परवडत नसेल तर ते तेल साठ्यातून वगळायचं. एक्सॉनमोबिलने २०१६ च्या शेवटी कॅनडातल्या कर्ल प्रकल्पाचा साधारण ३५० कोटी बॅरलचा साठा असाच वगळला. तेल तिथेच होतं. कागदावर मात्र ते राहिलं नव्हतं.

गॅसचं तर अजून एक आहे, ६ हजार घनफूट गॅस म्हणजे १ बॅरल असा हिशोब ऊर्जेवरून करतात, पण गॅस हजार घनफुटाला ३ डॉलर असेल तर त्या ‘बॅरल’चे मिळतात १८ डॉलर. कर्ज भागिले बॅरल असा आकडा कोणी दाखवला तर आधी त्यात गॅस किती ते विचारा.

मोठी कंपनी बुडत नाही? चेसापीक एनर्जी अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या गॅस उत्पादकांपैकी एक होती, २८ जून २०२० ला तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, साधारण ७०० कोटी डॉलरचं कर्ज पुसलं गेलं आणि जुन्या शेअरधारकांच्या हातात जवळजवळ काही उरलं नाही. त्याआधी १ एप्रिलला व्हायटिंग पेट्रोलियम ही अमेरिकन तेल कंपनी दिवाळखोरीत गेली, आणि तिच्याकडे तेव्हा ५० कोटी डॉलरच्या वर रोकड होती! पण त्याच दिवशी तिच्या बाँडची एक मुदत भरत होती आणि पुढेही मुदती उभ्या होत्या. कितीपट कर्ज आहे याच्याइतकंच ते कधी द्यायचंय हे महत्त्वाचं. वार्षिक अहवालात मागे टिपांमध्ये वर्षवार परतफेडीचा तक्ता असतो, अर्ध्या पानाचा, तो आधी उघडा.

राहिलं ‘३ च्या वर हात लावू नका’. हेही सरसकट चालत नाही. पाइपलाइनवाल्या कंपन्यांना तेलाच्या भावावर नाही तर वाहतुकीच्या भाड्यावर पैसे मिळतात, करार लांबचे असतात, तिथे ४ पट नेहमीचं मानतात. अमेरिकेतल्या सबाइन पास इथून फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिलं एलएनजी (थंड करून द्रव केलेला गॅस) जहाज पाठवणाऱ्या शनियेर कंपनीने प्रचंड कर्ज काढून प्लांट उभे केले, पण २० वर्षांच्या करारांत ग्राहकाने जहाज रद्द केलं तरी ठरलेली फी द्यावीच लागते. २०२० च्या उन्हाळ्यात खूप जहाजं रद्द झाली आणि फी येत राहिली. ब्राझीलच्या पेट्रोब्रास या तेल कंपनीचं निव्वळ कर्ज (हातातली रोकड वजा करून) २०१५ च्या शेवटी एबिटडाच्या ५ पटीच्या वर होतं, बरंचसं डॉलरमध्ये आणि त्यात ब्राझीलचं चलन घसरलेलं. तिने मालमत्ता विकल्या, गुंतवणूक कापली, आणि २०१८ च्या शेवटी ते अडीच पटीच्या आत आणलं. ३ ची रेघ बघून पळालेल्याला यातलं काहीच दिसलं नसतं.

भाच्याला मी हो किंवा नाही म्हटलं नाही. त्याने निवडलेल्या कंपनीचा अहवाल दोघांनी उघडला आणि त्याला ५० च्या भावाने हिशोब करायला लावला. मेसेजच्या पद्धतीने ०.८ पट दिसणारं कर्ज भाडेकरार आणि विहिरी बंद करायचा खर्च धरून ३.४ पट निघालं, आणि परतफेडीच्या तक्त्यात जवळजवळ निम्मं कर्ज पुढच्या दोन वर्षांत द्यायचंय असं दिसलं. तो आता त्या कंपनीचे हेजिंगचे सौदे कधी संपतात ते शोधतोय.