गाडी घेऊन या म्हणे!

"मॅडम, एकदा गाडी सर्व्हिस सेंटरला आणा, मग बघू."

अरे बाबा, आणू कशी? डोक्यावर घेऊन? मागच्या डाव्या चाकाने गच्च धरून ठेवलंय, डॅशबोर्डवर लाल पी लुकलुकतोय, त्याच्याखाली 'पार्किंग ब्रेक फॉल्ट'. ब्रेकचं बटण दाबलं की चाकावरची मोटर उजवीकडून घुर्रर्र, डावीकडे मौनव्रत. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी पाठीवर घालून नेणारी गाडी, बोलवावी तर आमचं पार्किंग तळघरात, ती रॅम्पच्या तोंडाशीच अडणार. पुढून उचलून ओढावी तर मागचं टायर फरशीवर घासत जाणार. हे सगळं मी आधी मराठीत सांगितलं, मग हिंदीत, मग दातओठ खात. उत्तर एकच. गाडी आणा. आणि हे सगळं कधी, तर रविवारी सकाळी सासवडला मुंजीला निघताना. आमचं पार्किंग मागेपुढे, त्यामुळे माझ्या गाडीमागे तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची गाडी अडकलेली. काका तळघरात उभं राहून मला विचारतायत, "हॅंडब्रेक काढलास का?"

हॅंडब्रेक! असता तर काढला नसता का? एक लोखंडी दांडा होता, त्याला केबल होती, ओढला की कर्रकर्र आवाज यायचा, सोडला की सुटायचा. ढिला झाला तर चौकातला पोरगासुद्धा नट आवळून द्यायचा. तो काढून तिथे काय दिलं? दोन कप होल्डर. आणि ब्रेक लावायला एक बटण. आम्हाला कुणी विचारलं होतं का? २००१ साली बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीजमध्ये हे बटण होतं, तेव्हा ते श्रीमंतांचं दुखणं होतं. आता हप्ते भरणाऱ्यांच्या गळ्यात बांधलंय. आणि एकटं बटणच नाही. एसीचा पंखा कमी करायला स्क्रीनवर तीन ठिकाणी बोटं मारा. सीएनजीच्या नादात स्टेपनी गायब. सिग्नलला इंजिन आपणहून बंद. बॉनेट उघडून बघावं तर प्लास्टिकचं झाकण. पाय काढला तरी ब्रेक धरून ठेवणारा ऑटो होल्ड कात्रजच्या चढावर बरा वाटतो, हे मान्य. तेवढं एक मान्य.

तर दुपारी एकदाचा त्यांचा माणूस आला, स्कॅनर घेऊन. सोळा पिनांचा प्लग खोचला, स्क्रीनकडे बघितलं, स्क्रीनचा फोटो काढला, निघाला. गाडीखाली वाकला नाही. चाकाला हात लावला नाही. बॅटरीचा व्होल्टेज बघितला नाही, आणि हा ब्रेक नाटकं करायला लागला की पहिल्यांदा बॅटरी बघायची असते हे आता शेंबड्या पोरालाही माहीत आहे. संध्याकाळी फोन. "मॅडम, मागच्या डाव्या मोटरचं सर्किट ओपन दाखवतंय. मोटर गेली."

सर्किट ओपन म्हणजे वीज वाटेत कुठेतरी तुटलीय. म्हणून मोटर गेली? सर्किटमध्ये मोटर आहे, वायर आहे, कनेक्टर आहे, फ्यूज आहे. स्कॅनरवरचा कोड सांगतो कुठल्या गल्लीत चोरी झाली. ह्यांनी गल्लीतल्या पहिल्या माणसाला पकडलं.

बरं, मग नुसती मोटर बदला. ती कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबून धरणाऱ्या चिमट्याच्या, पाठीवर बाहेरून दोन बोल्टवर बसते, मी फोटोत बघितलंय. "मॅडम, सुटा चाइल्ड पार्ट येत नाही. कॅलिपर असेंब्लीच येते. आणि एका बाजूची बदलून चालत नाही, दोन्ही घ्या. सोबत डिस्क आणि पॅडही करून टाकू." पॅड तुम्हीच मागच्या सर्व्हिसला बदललेत ना! तेव्हा तुमचा पोरगा सी-क्लॅम्प लावून पिस्टन दाबत होता आणि मी काचेपलीकडून ओरडत होते, की अरे आधी स्कॅनरवरून ब्रेक सर्व्हिस मोडला टाक, मोटर आधी मागे येऊ दे, नाहीतर आतले दात जातील. तेव्हा मला कॉफी आणून दिली होती. कॉफी! आणि बिलात इंजेक्टर क्लीनिंग, जे मी सांगितलंच नव्हतं.

आकडा ऐकून मी गप्प झाले. त्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने असा लावला की बाईंना कळत नाहीये. म्हणाला, "सरांना देता का फोन? त्यांना समजावतो."

सर आत पोहे परतत होते. सरांना गाडीतलं एफएम सोडून काही कळत नाही, लायसन्ससुद्धा नाही. गाडी माझ्या नावावर, हप्ता माझ्या खात्यातून, जॉब कार्डवर नाव माझं. तरी सर!

शेवटी नऱ्ह्याचा एक वायरिंगवाला आला. स्कूटीवर, मागे बॅटरी बांधून. म्हणाला, "ताई, आधी पुढच्या चाकांना विटा लावा." (काकांनी लावल्या, तेवढेच ते शांत झाले.) मग त्याने मागचं चाक उतरवलं, आडवा झाला, मोटरचा कनेक्टर काढला आणि मोटरच्या दोन पिनांना आपल्या बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट दिले. घुर्रर्र! ती 'गेलेली' मोटर. वायरी उलट्या करून पुन्हा दिले, आणि डिस्क सुटली. हाताने फिरते! मग त्याने तो कनेक्टर माझ्या नाकासमोर धरला. रबरी सील जागेवर नाही, आत चिखलाचं पाणी, दोनपैकी एक पिन हिरवीगार. नखाने टोकरली तर भुगा पडला. पॅड बदलताना कुणीतरी ओढून काढला असेल आणि सील तिथेच टाकलं असेल, आणि मग पावसाळाभर सिंहगड रोडच्या डबक्यांतून मी त्याला आंघोळ घालत होते. नवा कनेक्टर जोडला, वायरला डाग दिला, वर नळी चढवून गरम केली, ग्रीस लावलं. त्याच्याच स्कॅनरवरून कोड पुसला, कॅलिब्रेशन केलं, ब्रेक चार-पाचदा लावून सोडून बघितला. दोन्हीकडून सारखा आवाज. त्याने घेतलेले पैसे सेंटरच्या पार्किंगमध्ये उभं राहायचे झाले असते.

मुंज हुकली ती हुकलीच. पण त्यानंतर माझं जे झालंय ते घरात कुणाला सहन होत नाही. परवा नणंदेच्या घरी जेवताना कुणीतरी नवी गाडी घेतल्याचं सांगितलं आणि मी श्रीखंड वाढता वाढता विचारलं, मोटर कॅलिपरवर आहे की केबल ओढणारी? सगळे गप्प. लेकाने टेबलाखालून लाथ मारली. रात्री बटणाला उद्देशून मी जे शब्द वापरते ते वॉचमनने ऐकलेत, तो आता मला जरा लांबूनच नमस्कार करतो.

आणि काल सेंटरमधून फोन. दुरुस्ती त्यांनी केलेली नाही, फक्त फोटो काढला, तरी फीडबॅक हवाय. "मॅडम, दहापैकी दहाच द्या हं, नऊ दिले तरी आम्हाला शून्य धरतात."

म्हटलं, थांबा, सरांना विचारून सांगते.