यहूदाच्या वंशातला याजक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. येशू राजाही आहे आणि याजकही, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: येशू इस्राएलाच्या यहूदा वंशातला, याजकपण (म्हणजे पुरोहितपण) मात्र लेवीच्या वंशाकडे. मग त्याला याजक म्हणणं हे मागाहून लावलेलं ठिगळ. शिवाय राजदंड आणि धूपपात्र, म्हणजे राजपद आणि याजकपद, एकाच्याच हाती गेलं, तर त्याला आवरणार कोण?

वंशाची अडचण खरीच आहे. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राचा लेखक सातव्या अध्यायात ती स्वतःच मांडतो: आपला प्रभू यहूदाच्या वंशातला, आणि त्या वंशातल्या याजकांविषयी मोशे काही बोललेला नाही. म्हणून तो लेवी वंशातल्या पहिल्या मुख्य याजकाकडे, अहरोनाकडे, न जाता 110 व्या स्तोत्राकडे वळतो. तिथे सियोनातून राज्य करणाऱ्यालाच देव शपथ वाहून मलकीसदेकासारखा कायमचा याजक ठरवतो. हा मलकीसदेक शालेमचा राजा आणि परात्पर देवाचा याजक. लेवीचा पणजोबा अब्राम याच्यासाठी तो भाकर आणि द्राक्षारस आणतो, त्याला आशीर्वाद देतो, दशमांश स्वीकारतो. उत्पत्तीच्या 14 व्या अध्यायात जेमतेम तीन वचनं. लेवीचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. ठिगळच म्हणायचं तर ते स्तोत्रकर्त्याने लावलं म्हणा, आणि तो येशूच्या कितीतरी आधीचा.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, कारण ही धास्ती शास्त्रालाही आहे. यहूदाचा राजा उज्जीया बलाढ्य झाला, गर्वाने चढून गेला आणि धूप जाळायला, म्हणजे याजकांचं काम करायला, थेट मंदिरात शिरला. अजऱ्या याजक आणखी 80 याजकांना घेऊन त्याला आडवा आला. राजा भडकला. धूपपात्र हातात तसंच होतं, आणि याजकांच्या डोळ्यांदेखत त्याच्या कपाळावर कोड उमटलं. मरेपर्यंत तो वेगळ्या घरात राहिला.

पुढे येशूच्या आधीच्या काळातल्या हास्मोनी या यहूदी राजघराण्यात ही दोन्ही पदं खरोखरच एकाकडे आली. अलेक्झांडर यन्नय राजाही होता आणि मुख्य याजकही. मंडपांच्या सणात तो वेदीपाशी उभा असताना लोकांनी सणासाठी आणलेली महाळुंगं त्याच्यावर भिरकावली. त्याने सुमारे 6,000 माणसं मारली, असं पहिल्या शतकातला यहूदी इतिहासकार योसेफस सांगतो. तुमची शंका अशी रक्ताने खरी ठरलेली आहे.

आता वधस्तंभ पाहा. वर इब्री, लॅटिन आणि ग्रीक या तीन भाषांत ‘यहूद्यांचा राजा’ अशी पाटी, डोक्यावर काट्यांचा मुकुट. शिपाई तोंडावर थुंकून गेलेले. आणि हा राजा बापाकडे मागतो काय, तर त्यांना क्षमा. लोकांसाठी देवापुढे उभं राहणं हेच याजकाचं काम, आणि अर्पणही त्याने दुसऱ्या कशाचं केलं नाही, स्वतःचंच केलं. या राजाच्या हाती दोन्ही पदं आहेत याची मला भीती वाटत नाही. उलट मी त्याच्याच भरवशावर प्रार्थना करतो.

एक चूक मात्र माझी. मूळ लेखात मी येशूला ‘अहरोनाचा वारस’ म्हटलं होतं. ते त्या पत्राच्याच विरुद्ध जातं. तुम्ही दाखवून दिलंत म्हणून मनापासून आभार. ती ओळ आज काढून टाकली आहे.