बेटांवरच्या कुटुंबांना न्यूझीलंड ‘सगळं फुकट’ देतो का?

न्यूझीलंडमधल्या आणि तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर अधूनमधून फिरतो. त्याचा सारांश असा: समुद्रात बुडणाऱ्या बेटांवरच्या लोकांना न्यूझीलंड ‘हवामान निर्वासित’ म्हणून व्हिसा देतो, शिक्षण-नोकरी काही विचारत नाही, उतरल्या दिवसापासून घर आणि भत्ता देतो. तरी ही मंडळी एका घरात पंधरा-पंधरा राहतात, कारण त्यांना तसंच आवडतं. आपल्या लोकांना मात्र व्हिसाच्या गुणपद्धतीत एकेका गुणासाठी झगडावं लागतं.

एकेक दावा घेऊ.

‘हवामान निर्वासित व्हिसा’

असा व्हिसा न्यूझीलंडमध्ये नाही. 2017 मध्ये तेव्हाचे हवामान बदल मंत्री जेम्स शॉ यांनी वर्षाला सुमारे 100 जागांच्या प्रायोगिक व्हिसाची कल्पना मांडली होती. ती बारगळली, मथळे मात्र अजून फिरताहेत. किरिबाटी या बेट-देशाच्या इओआने तेइतिओता यांनी समुद्राची पातळी वाढतेय या कारणासाठी न्यूझीलंडकडे निर्वासित म्हणून संरक्षण मागितलं होतं. न्यूझीलंडच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये नकार दिला आणि त्याच वर्षी त्यांना परत पाठवण्यात आलं. तुवालूच्या नागरिकांना वर्षाला 280 जागा देणारा ‘फालेपिली’ करार आहे, पण तो ऑस्ट्रेलियाचा. मजकूर लिहिणाऱ्याने दोन देशांची सरमिसळ केलेली दिसते.

न्यूझीलंडमध्ये आहेत त्या निवासी व्हिसाच्या सोडती. सामोआसाठी वर्षाला 1,100 जागांचा कोटा आहे आणि त्यात जोडीदार व मुलंही मोजली जातात. टोंगा, फिजी, किरिबाटी आणि तुवालूसाठी ‘पॅसिफिक अ‍ॅक्सेस’ नावाची वेगळी, बरीच लहान सोडत आहे. यामागे समुद्राची पातळी नसून इतिहास आहे: सामोआवर 1914 पासून 1962 पर्यंत न्यूझीलंडचं राज्य होतं. कुक आयलंड्स, नियुए आणि टोकेलाऊचे लोक तर जन्मानेच न्यूझीलंडचे नागरिक, त्यांना व्हिसा लागतच नाही. फळबागांत हंगामी कामाला येणारे बेटांवरचे कामगार हा आणखी वेगळा प्रकार. ते काही महिन्यांसाठी येतात, कुटुंब आणू शकत नाहीत आणि हंगाम संपला की परत जातात. ‘आपल्या लोकांना नाही’ म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट: फिजीच्या सोडतीत गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर मजूर म्हणून तिथे नेलेल्या भारतीयांच्या वंशजांचीही नावं असतात.

‘काही विचारत नाहीत’

सोडतीत नाव निघालं की अर्ज करायची परवानगी मिळते, तीही 8 महिन्यांच्या मुदतीची. मुख्य अर्जदाराचं वय 18 ते 45 हवं. वैद्यकीय तपासणी, पोलिसांचा दाखला, किमान इंग्रजी आणि मुलं सोबत असतील तर किमान उत्पन्न, एवढं सगळं लागतं. शिवाय न्यूझीलंडमधल्या नोकरीचं लेखी पत्र. गाडी अडते ती बहुधा इथेच. कधी न पाहिलेल्या आणि काही महिन्यांनी येणाऱ्या माणसाला ऑकलंडचा मालक नोकरी का देईल? म्हणून आधी स्थायिक झालेले नातेवाईक आपल्याच कारखान्यात, गोदामात, वृद्धाश्रमात शब्द टाकतात.

अर्जदाराला मदत करणाऱ्याने नोकरीचं पत्र हातात आलं की तीन गोष्टी तपासाव्यात. काम पूर्णवेळ, म्हणजे आठवड्याला किमान 30 तासांचं आहे का? तास, तासाचा दर आणि कामाचं स्वरूप स्पष्ट लिहिलंय का? दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत का? ‘लागेल तसं बोलावू’ छापाचा करार चालत नाही. नोकरी देण्यासाठी कुणी पैसे मागत असेल, तर ते न्यूझीलंडच्या कायद्यात बसत नाही. तिथून उठावं.

दुसरी मोठी चूक मुलांच्या बाबतीत होते. सामोआ-टोंगात मूल आजी-आजोबांनी किंवा मावशीने वाढवणं सर्रास असतं, पण त्याला कागद नसतो. अर्जात असं मूल आपलं म्हणून दाखवायचं तर ताब्याचे किंवा दत्तकाचे कायदेशीर कागद लागतात. उलट, ‘याला नंतर नेऊ’ म्हणून पोटच्या मुलाचं नाव गाळलं, तर पुढे त्याला आणण्याची वाट जवळजवळ बंद होते. सोबत येणार असो वा नसो, प्रत्येक मुलाचं नाव पहिल्याच अर्जात लिहायचं. जन्मदाखला आणि पासपोर्ट यांवरची नावंही तेव्हाच जुळवून घ्यावीत. सामोआत मताई, म्हणजे कुटुंबप्रमुख, ही पदवी मिळाली की ती नावात येते आणि मग दोन कागदांवर दोन माणसं दिसू लागतात.

‘उतरल्या दिवसापासून घर आणि भत्ता’

निवासी व्हिसावर आलेल्याला बेरोजगार भत्त्यासाठी निवासी झाल्यानंतर सलग दोन वर्षं देशात राहावं लागतं, विद्यार्थी भत्त्यासाठी तीन. अगदीच हलाखी असेल तर अपवादात्मक मदत मिळू शकते, पण ती हक्काची नसते. सरकारी दवाखाना आणि मुलांची सरकारी शाळा पहिल्या दिवसापासून मिळते, हे मात्र खरं. तसंच ते निवासी व्हिसावर आलेल्या पुण्याच्या इंजिनिअरलाही मिळतं. नियम एकच आहे.

घर बाजारभावानेच घ्यावं लागतं. आठवड्याला 650 डॉलर भाडं धरा. अनामत जास्तीत जास्त चार आठवड्यांची म्हणजे 2,600, आगाऊ भाडं जास्तीत जास्त दोन आठवड्यांचं म्हणजे 1,300. चावी हातात येण्याआधीच 3,900 डॉलर गेले, आणि पहिला पगार अजून व्हायचाय. घरमालकाने याहून जास्त मागितलं तर ते बेकायदा. त्याने अनामत 23 कामकाजाच्या दिवसांत सरकारी भाडे-सेवेकडे जमा करायची असते. तिथून पोच आली नाही तर विचारावं. घरात शिरताना भिंती, गालिचा आणि शेगडीचे फोटो काढून ठेवले नाहीत, तर आधीच्या भाडेकरूचे डाग नव्याच्या अनामतीतून कापले जातात.

पहिल्या आठवड्याचं काम आयआरडी क्रमांक, म्हणजे करखात्याचा क्रमांक. तो आणि कर-कोडचा फॉर्म नोकरीच्या मालकाला दिला नाही, तर पगारातून थेट 45 टक्के कर कापला जातो. जास्तीचा कर पुढे परत मिळतो, पण घरभाडं दर आठवड्याला द्यायचं असतं.

त्यानंतरची अडचण पत्त्याच्या पुराव्याची. बँक तो मागते, आणि ठरावीक हद्दीतल्याच मुलांना घेणारी शाळाही मागते. कुटुंब नातेवाइकाकडे उतरलेलं असतं, वीजबिल नातेवाइकाच्या नावावर. अशा वेळी त्या नातेवाइकाने ‘हे माझ्याकडे राहतात’ असं प्रतिज्ञापत्र करावं आणि सोबत आपलं बिल जोडावं. ‘जस्टिस ऑफ द पीस’ नावाचे मानद अधिकारी ते फुकटात साक्षांकित करतात. शाळेत जाताना मुलांचे पासपोर्ट, व्हिसा आणि लसीकरणाची नोंद सोबत न्यावी. आजारी पडण्याची वाट न बघता जवळच्या डॉक्टरकडे सगळ्या कुटुंबाची नोंदणी करून टाकावी. 14 वर्षांखालच्या मुलांना तिथे सहसा पैसे पडत नाहीत.

‘एका घरात पंधरा, कारण त्यांना आवडतं’

एकत्र कुटुंब त्यांना प्रिय आहे, आपल्यालाही होतं. पण तीन खोल्यांत तीन कुटुंबं राहतात ती वरच्या हिशेबामुळे. शिवाय दक्षिण ऑकलंडमधली जुनी सरकारी घरं चौकोनी कुटुंबाच्या मापाने बांधलेली आहेत.

थंडीत वीज वाचवायला सगळे एकाच खोलीत झोपतात आणि तिथे चाकांची गॅस-शेगडी लावतात. एक किलो गॅस जळला की सुमारे 1.6 किलो पाणी वाफ होऊन खोलीत उतरतं. ते गार भिंतीवर बसतं आणि बुरशी धरते. घरमालकाने मुख्य खोलीत 18 अंशांपर्यंत ऊब देणारा पक्का बसवलेला हीटर देणं आता कायद्याने बंधनकारक आहे. पण करारात लिहिल्यापेक्षा जास्त माणसं राहत असल्याने कुटुंब तक्रार करायला घाबरतं. तक्रार होईपर्यंत करता येण्याजोगं एवढं: गॅस-शेगडी बंद करावी, रोज सकाळी दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात, कपडे घरात वाळत घालू नयेत आणि झोपताना डोक्यांमध्ये होईल तितकं अंतर ठेवावं.

डोक्यांचं अंतर सांगण्याचं कारण आहे. अशा दाटीत स्ट्रेप नावाच्या जिवाणूंचा घशाचा संसर्ग पसरतो. त्यावर उपचार झाले नाहीत तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. न्यूझीलंडमध्ये हा आजार जवळजवळ फक्त माओरी (तिथले मूळ रहिवासी) आणि पॅसिफिक बेटांवरच्या समाजांतल्या मुलांत उरला आहे. म्हणून 4 ते 19 वयाच्या मुलाचा घसा दुखला तर ‘जाईल दोन दिवसांत’ म्हणू नये, त्याच दिवशी घशाची तपासणी करून घ्यावी. अँटिबायोटिक दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी ठरलेले सगळे दिवस, बहुधा दहा, ते पूर्ण करावं. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेलाच, तर पेनिसिलिनचं इंजेक्शन दर 28 दिवसांनी वर्षानुवर्षं घ्यावं लागतं. घर बदललं की नव्या पत्त्याची खबर इंजेक्शन देणाऱ्या नर्सला आधी द्यावी, कारण इंजेक्शनं चुकतात ती बहुतेकदा अशा घरबदलातच.