हात कुठे आहेत?

लेकीला लायसन्स मिळून जेमतेम तीन आठवडे झाले होते. रात्री साडेदहाची वेळ, गाडी ती चालवतेय, शेजारी मी. अचानक आरशात पोलिसांचे निळे-लाल दिवे फिरायला लागले आणि बाईसाहेबांनी होत्या तिथेच, मधल्या लेनमध्ये, कचकन ब्रेक मारला. मागचा ट्रक कसाबसा बाजूने निघून गेला. मी किंचाळले, "अगं, कडेला घे!"

त्या रात्री सगळ्यात जास्त धोका त्या ट्रकचाच होता, हे घरी आल्यावर लक्षात आलं. इंडिकेटर द्यायचा, वेग कमी करायचा, उजेडाची मोकळी कड बघून थांबायचं. थोडं पुढे जावं लागलं तरी हरकत नाही. इंडिकेटर दिसला की आपण पळत नाही आहोत हे मागच्याला कळतं.

गाडी थांबली आणि दुसरा घोळ. पोलीस यायच्या आत कागद काढून ठेवावेत म्हणून ती वाकली आणि सीटखालच्या पर्समध्ये हात घातला. शहाणपणाच वाटतो की नाही? मलाही वाटला. टॉर्चचा झोत आधी मागच्या सीटवर फिरला, मग माझ्या मांडीवर, मग पर्समध्ये कोपरापर्यंत गेलेल्या तिच्या हातावर येऊन थांबला. "हात दिसू द्या." आवाज चढला नव्हता, पण बदलला होता. तो खिडकीसमोर आलाच नाही, दोन दारांमधल्या खांबाच्या जरा मागेच उभा राहिला.

त्याच्या जागी उभं राहून बघा. अंधार, अनोळखी गाडी, आत किती माणसं ठाऊक नाही आणि चालवणारी खाली वाकून काहीतरी शोधतेय.

तेव्हापासून आमच्याकडे ठरलंय: इंजिन बंद, आतला दिवा चालू, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. शेजारच्याचेही हात दिसतील असे. लायसन्स मागितलं की आधी तोंडाने सांगायचं, "पर्समध्ये आहे, काढू का?" हो म्हणाला की सावकाश काढायचं. सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. आणि हुज्जत नाही. दंड चुकीचा वाटला तर वेळ, ठिकाण, बिल्ला नंबर टिपून ठेवा, भांडायला कोर्ट आहे. अमेरिकेत पोलिसाने "गाडी तपासू का?" विचारलं तर नाही म्हणायचा हक्क आहे, पण तोही तोंडानेच बजावायचा, दारात आडवं उभं राहून नव्हे.

एवढं सांगितलं की कुणीतरी म्हणतंच, "बघा, नीट वागलं की काही होत नाही." इथे माझं वाजतं.

६ जुलै २०१६. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातलं फाल्कन हाइट्स. फिलँडो कॅस्टिल, वय ३२, शाळेच्या कॅन्टीनमध्ये नोकरी. पोलिसाने थांबवून ब्रेकलाइट बंद असल्याचं सांगितलं. आपल्याजवळ पिस्तूल आहे हे कॅस्टिलने स्वतःहून, "सर" म्हणत सांगितलं. परवाना होता. काही सेकंदांत सात गोळ्या झाडल्या गेल्या. गाडीत मैत्रीण होती, मागे तिची चार वर्षांची मुलगी. तो लायसन्स काढत होता, असं मैत्रीण सांगत राहिली. हात पिस्तुलाकडे गेला, असं पोलीस. २०१७ मध्ये ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडलं.

मिनेसोटात पुढे लायसन्स-इन्शुरन्स एसीच्या जाळीला अडकवायचे पाऊच वाटले गेले, म्हणजे कुठे हात घालायलाच नको. चांगलं आहे, मीही तसंच काहीसं लटकवलंय. पण जीव वाचवायची सगळी जबाबदारी घाबरलेल्या माणसाच्या हातांवर टाकायची, आणि ज्याला पगार देऊन प्रशिक्षण दिलंय त्याने घाबरलं तरी चालेल, हा कुठला न्याय? त्यापेक्षा फिलाडेल्फिया शहराने २०२२ मध्ये केलं ते मला पटतं. एक ब्रेकलाइट बंद, आरशाला काहीतरी लटकलेलं, अशा आठ किरकोळ कारणांपुरतं गाडी थांबवणंच बंद. जी गाडी थांबवलीच नाही, तिच्या खिडकीशी अंधारात कुणाला जावंच लागत नाही.

आमचंही कारण तेच निघालं. मागचा डावा दिवा गेला होता. समज देऊन त्याने सोडलं, जाताना लेकीला "सावकाश जा" म्हणाला. तिचे हात पुढची पंधरा मिनिटं थरथरत होते, म्हणून घरापर्यंत गाडी मी चालवली.

दुसऱ्या दिवशी तिने बल्ब स्वतः बदलला. आता रात्री निघायचं असलं की आधी मला गाडीच्या मागे उभं करते, ब्रेक दाबते आणि आतून ओरडते, "आई, दोन्ही लागले का?"