टीबीच्या सुईनं गाय आटत नाही

कामठी-हिंगण्याकडच्या गोपालकांच्या व्हॉट्सॲपवर फिरतंय : ‘टीबी तपासणीची सुई टोचली की गाय आटते, आणि रोग निघाला तर सरकार कापायला नेते.’ दोन्ही खोटं आहे. भीतीपोटी लोक दारातूनच डॉक्टरांना परत पाठवतात, याचं फार वाईट वाटतं. या सुईतल्या औषधात, म्हणजे ट्युबरक्युलिनमध्ये, जिवंत जंतू नसतात. मानेच्या कातडीत थेंबभर टोचायचं, ७२ तासांनी त्याच जागची कातडीची घडी चिमटीत धरून कॅलिपरनं (जाडी मोजायच्या साधनानं) मोजायची. टोचण्याआधीपेक्षा जाडी ४ मिलिमीटर किंवा जास्त वाढली म्हणजे बाधित. अशी जनावरं मारतात ती ब्रिटनमध्ये. महाराष्ट्रात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानंच बंदी आहे. इथं बाधित गाय वेगळी बांधायची. आणि धारोष्ण दूध लेकरांना देऊ नका, आधी चांगलं उकळा.