‘अर्ज’ हद्दपार करायला निघालेल्यांना

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. मजकूर थोडक्यात असा: मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आता विद्यापीठांनी आपल्या कागदपत्रांतून परकीय शब्द हद्दपार करून शुध्द मराठी वापरावी. ‘अर्ज’ नको, ‘आवेदन’ लिहा. ‘तारीख’ नको, ‘दिनांक’. ‘हॉल तिकीट’ नको, ‘प्रवेशपत्र’. व्हाइस चान्सलरला ‘उपकुलपती’ म्हणा. परिपत्रकाची भाषा भारदस्त ठेवा आणि गावाकडचे शब्द त्यात येऊ देऊ नका. दाखला म्हणून शिवाजी महाराजांनी करवून घेतलेला, दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश.

नागपुरातल्या कॉलेजांची माहितीपत्रकं, सूचना, निमंत्रणपत्रिका तपासून देणं हा माझा बावीस वर्षांचा धंदा. त्यामुळे हा मेसेज नुसता अंगठा दाखवून पुढे ढकलणं मला जमलं नाही.

आधी ‘परकीय’चं बघू. ‘हद्दपार’मधली हद्द अरबी आहे. ‘कागदपत्रां’तला कागद फारसीतून आलेला. मेसेजकर्त्यानं चार वेळा लिहिलेलं ‘फक्त’ अरबी, ‘शिवाय’ही अरबी. आणि ज्याच्याशिवाय एकही परिपत्रक पुरं होत नाही तो ‘सदर’? तोही अरबीच, आपल्या सदर बाजारातला. हे सगळे शब्द काढले तर मेसेजच उभा राहणार नाही.

राज्यव्यवहारकोशाचा दाखला मात्र दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. कोश मोठाच. डबीराचा सुमंत झाला, सुरनीसाचा सचिव, मुजुमदाराचा अमात्य. पैकी ‘सचिव’ आज मंत्रालयापासून सोसायटीपर्यंत सगळीकडे आहे. पण पेशव्याला ‘मुख्य प्रधान’ म्हणायचं ठरूनही जवळजवळ दीडशे वर्षं लोक पेशवेच म्हणत राहिले. मुजुमदार, चिटणीस, फडणीस ही आडनावं झाली. नागपुरातल्या महाल भागातल्या चिटणीस पार्कला कुणी ‘लेखक उद्यान’ म्हणायला तयार असेल तर मला कळवावं. दरबारानं शब्द सुचवले, कुठले ठेवायचे ते लोकांनी ठरवलं. सावरकरांच्या ‘दिनांक’चंही तेच. तो टिकला कारण सुटसुटीत होता. पत्राच्या डोक्यावर तो मीही लिहिते, पण वाक्यात शिरला की ‘शेवटची तारीख’च बरी वाटते. याच्यावर याहून जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही.

‘अर्जा’चं प्रकरण जास्त गंमतीचं आहे. ‘आवेदनपत्र’ आपल्याकडे छापलं जातं, नाही असं नाही. पण ते भरून आलेला मुलगा घरी काय सांगतो? “फॉर्म भरला.” म्हणजे शतकानुशतकं मराठीत मुरलेला ‘अर्ज’ तुम्ही दाराबाहेर काढलात, तर त्या रिकाम्या खुर्चीवर ‘आवेदन’ नाही, ‘फॉर्म’ बसणार आहे. शिवाय नागपुरात अर्धं शहर हिंदी वाचतं, आणि ‘आवेदन’ हा हिंदी कार्यालयांचा रोजचा शब्द. शुद्ध मराठी म्हणून जे आणताय ते इथल्या पोराला हिंदी वाटतं.

आता ‘प्रवेशपत्र’. इथे मला स्वतःचीच गोष्ट सांगावी लागेल.

काही वर्षांपूर्वी एका कॉलेजात हिवाळी परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी प्रुफं द्यायला गेले होते. परीक्षा विभागाच्या खिडकीशी काटोलकडची एक मुलगी उभी होती, बाजूला टोपी हातात घेतलेले वडील. तिनं खिडकीतून एक लॅमिनेट केलेला कागद आत सरकवला. आतले बाबू म्हणाले, “हे नाही ना बाप्पा, हॉल तिकीट पाह्यजे!” तिनं आणली होती ॲडमिशनची पावती. सूचनाफलकावर लिहिलं होतं, ‘प्रवेशपत्राशिवाय परीक्षा कक्षात बसू दिले जाणार नाही’, आणि प्रवेश घेतल्याचं पत्र म्हणजे तिच्या लेखी ती पावतीच. इतकी महत्त्वाची, की खराब होऊ नये म्हणून पैसे घालून लॅमिनेट केलेली. “मग तसं लिहायचं ना काका,” एवढंच ती बोलली आणि समोरच्या झेरॉक्सच्या दुकानाकडे धावली. वीस मिनिटं उरली होती.

ती सूचना तपासून दिली होती मीच. मूळ मजकुरात ‘हॉल तिकीट’ होतं. लाल पेनानं खोडून ‘प्रवेशपत्र’ केलं होतं, वर मनात जरा कौतुकही वाटलं होतं स्वतःचं. त्या दिवसापासून मी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिते, आधी हॉल तिकीट.

‘उपकुलपती’ची सूचना तर सरळसरळ चूक आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे राज्यपाल हे कुलपती. विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू, त्यांच्या हाताशी प्र-कुलगुरू. ‘व्हाइस’ला ‘उप’ लावून शब्दशः भाषांतर केलं की वाचणाऱ्याला वाटणार, कुणी दुय्यम अधिकारी असेल. नागपुरात तर हा घोळ तिप्पट होतो. हिंदीत व्हाइस चान्सलरला ‘कुलपति’ म्हणायची रीत, आणि आपल्यापासून पाऊणशे किलोमीटरवर वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात तेच पदनाम. त्यामुळे शहरातल्या दोन भाषांच्या दोन वर्तमानपत्रांत एकाच दिवशी ‘कुलपती’ वाचलं, तर एकीकडे ते राज्यपाल असू शकतात आणि दुसरीकडे विद्यापीठाचे प्रमुख. मौज म्हणजे मध्य प्रदेश सरकारनं २०२४ साली आपल्याकडच्या ‘कुलपति’चं ‘कुलगुरु’ करायचं ठरवलं, पुढच्या वर्षी राजस्थाननंही तेच केलं. शेजारी आपला शब्द उचलत असताना आपण तो टाकायचा?

भारदस्तपणाबद्दल. हे वाक्य बघा, असली वाक्यं माझ्या टेबलावर आठवड्याला दहा येतात: ‘उपरोक्त विषयान्वये सर्व संबंधितांस सूचित करण्यात येते की, विहित मुदतीत आवेदनपत्र सादर करू न शकलेल्या परीक्षार्थींना विलंब शुल्कासह दिनांक १५ पर्यंत मुदतवाढ देण्यात येत आहे.’ पंधरा तारीख धरून की सोडून? शुल्क किती? भरायचं कुठे? कशाचाच पत्ता नाही, भारदस्तपणा मात्र पुरेपूर. मी त्याचं असं करते: ‘परीक्षेचा अर्ज राहिला असेल, तर १५ तारखेला संध्याकाळी ५ वाजेपर्यंत कॉलेजच्या कार्यालयात भरा.’ आणि खाली शुल्काचा आकडा. कायद्याच्या कलमात ‘करण्यात येते’ लागतं, तिथे असू द्या. पण सूचनाफलक म्हणजे कलम नव्हे. सोपं लिहिलं तर विद्यापीठाची पत जाते असं ज्यांना वाटतं, त्यांनी अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आठवावं. ती महानुभावांची भूमी, आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही आहे. सातशे वर्षांपूर्वी त्याच पंथात केशवदेव पंडित संस्कृतात लिहायला निघाले, तर नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं: माझ्या म्हाताऱ्या बाया त्याला मुकतील. आणि नागपूर विद्यापीठाला २००५ पासून ज्यांचं नाव आहे ते तुकडोजी महाराज तर खंजिरी घेऊन गावोगाव लोकांच्याच बोलीत गात फिरले.

मेसेजवाल्यांनी ज्याच्यावर बोट ठेवायला हवं होतं ते राहूनच गेलं. त्यांचा ‘शुध्द’च अशुद्ध आहे. द आधी, ध नंतर: शुद्ध. शासनानं लेखनाचे १४ नियम १९६२ साली मान्य केले, १९७२ साली आणखी ४ आले. अठराच्या अठरा पाठ नसले तरी चालेल, पण विद्यापीठाच्या कमानीवर ‘परिक्षा भवन’ नको. ‘विद्यार्थीनी वसतीगृह’ लिहिलेल्या पाट्या तर मी मोजायच्या सोडल्या. विद्यार्थिनी, वसतिगृह, दोन्हीकडे पहिली. दीक्षान्त समारंभाच्या पत्रिकेवर ‘दिक्षान्त’ छापून येतं आणि त्याच पत्रिकेत ‘मा. प्रा. डॉ.’ अशी बिरुदं मात्र एकही न चुकता. एका पत्रिकेत एकच नाव वर ‘कुलगुरु’ आणि खाली ‘कुलगुरू’ असं दोन तऱ्हांनी होतं. मराठीत शेवटचा उकार दीर्घ, हे एका कागदावर लिहून कार्यालयात चिकटवलं तरी पुष्कळ निभेल.

राहिले गावाकडचे शब्द. परिपत्रक प्रमाण मराठीत असावं हे मलाही पटतं, ‘मले’, ‘तुले’ त्यात कुणी मागतही नाही. पण वस्तूचं नाव बदलायचं कशाला? एका वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत जेवणाचा बेत छापायचा होता. पुण्याहून नव्यानं आलेल्या मॅडमनी ‘सांबारवडी’वर काट मारून ‘कोथिंबीरवडी’ केलं. सांबार म्हणजे कोथिंबीर, तेवढं बरोबर. पण आपली सांबारवडी म्हणजे पारीत सांबार, खसखस, खोबरं भरून तळलेली पुडाची वडी, आणि तिकडची कोथिंबीरवडी म्हणजे बेसनात कालवून वाफवलेली. छापलेली पत्रिका स्वयंपाकघरात गेली. आचारी चष्मा लावून ती दोनदा वाचून बाहेर आला आणि म्हणाला, “ताई, तेल चढवू का कुकर?”